द्रौपदाअक्काची बरणी

दोंडाईच्यात मिरची वाळायला लागली की गाव खोकायला लागतं. माघ-फाल्गुनात स्टेशनापलीकडचा मोकळा माळ लालभडक होतो, पोती भरली जातात, झटकली जातात, गिरण्यांमधून तिखट दळलं जातं आणि वाऱ्याला ते घरोघर पोचवण्यापलीकडे दुसरं काम उरत नाही. गाडीतून नुसता पुढे जाणारा उतारूही खिडकीत बसून शिंकतो आणि मग सुरतेकडे जातो. जे उतरतच नाहीत त्यांची ही गत, तर जे इथेच जन्मले त्यांनी काय करावं? त्यांनी द्रौपदाअक्काकडे जावं, असा त्या काळी गावचा रिवाज होता.

द्रौपदाबाई ही मार्केट यार्डातल्या पितांबर मापाड्याची बायको. माहेर भडगावचं. लग्नात माहेराहून तिला एक चिनी मातीची बरणी मिळाली, आणि त्या बरणीतल्या मधात काय कालवलं म्हणजे काय बरं होतं ही आईची विद्याही मिळाली. अंगावरचे दागिने पुढे अडीनडीला मोडले. बरणी मात्र शाबूत राहिली आणि तिच्या जिवावर द्रौपदाबाई अख्ख्या गावाची अक्का झाली.

कोरडा खोकला असेल तर अडुळशाच्या रसातून मध. छाती भरली असेल तर पिंपळीची पूड कालवून. उचकी थांबत नसेल तर मोरपीस जाळून त्याच्या राखेतून. तोंड आलं तर तव्यावर टाकणखाराची लाही करून त्यात. गळा बसला तर आल्याच्या रसातून, आणि अंगावर तेल उडून भाजलं तर नुसताच, बोटाने हलकेच लावून. वजन उतरवायचं तर कोमट पाण्यातून आणि वाढवायचं तर दुधातून. एकच मध जाड्याला बारीक आणि बारकाला जाड कसा करतो, हे अक्काला कोणी विचारलं नाही, आणि अक्कानेही ते मधाला विचारलं नाही.

पैसे ती घेत नसे. पैसे घेतले की हाताचा गुण जातो, असं तिच्या आईने बजावलं होतं. त्यामुळे लोक नारळ ठेवून जात, कोणी सुपात गहू आणून ओतत, कोणी वांगी ठेवत. पितांबर म्हणे की हिच्या हाताचा गुण आपल्या पोटालाही येतो. पण अक्काला खरा मोबदला मिळे तो वेगळाच. सरकारी दवाखान्यातून लाल औषधाची बाटली घेऊन निघालेला माणूस वाटेत तिच्या ओट्याशी थांबे आणि बाटली पिशवीत लपवत म्हणे, "अक्का, जरा बोट चाटाडी दे." त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते डॉक्टरने पाहिलं असतं तर त्याने बदली मागितली असती.

मध यायचा सातपुड्यातून. अक्राणीकडचा वना पावरा वैशाखात आठवडे बाजाराला डबा घेऊन येई आणि मीठ, मिरची, कधी एखादं धोतर घेऊन तो तिच्या बरणीत रिकामा करी. पण त्याआधी परीक्षा होई. अक्का पाण्याच्या पेल्यात थेंब सोडून तो न विरघळता तळाला बसतो का पाही. कापसाची वात मधात बुडवून पेटवी. शेवटी गल्लीतल्या कुत्र्यापुढे एक थेंब ठेवी, कारण खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही अशी तिची खात्री होती. वना हे सगळं होईपर्यंत दुसरीकडे बघत बसे. एकदा कुत्र्याने थेंब चाटून पुसून साफ केला. तेव्हा अक्का म्हणाली की हे कुत्रंच खोटं आहे.

रस्त्याच्या पलीकडे ज्ञानचंद शेठचं किराणा दुकान होतं, मागे मिरचीचं गोडाऊन आणि वर राहतं घर. शेठची बायको हीराबाई अक्काहून चार-पाच वर्षांनी थोरली. दुपारची भांडी आटोपली की ती अक्काच्या ओट्यावर येऊन बसे. अक्का तिला भाभी म्हणे, ती अक्काला नुसतं द्रौपदा म्हणे. गावात अक्काला नुसत्या नावाने हाक मारणारी ती एकटीच. जैनांना मध निषिद्ध, म्हणून ज्ञानचंदच्या दुकानात सुंठीपासून साबणापर्यंत सगळं मिळे, मध तेवढा मिळत नसे. कोणी मागितलाच तर शेठ तराजू न सोडता हनुवटीने समोरचा ओटा दाखवी. हीराबाई त्या ओट्यावर तास न् तास बसे, पण बरणीचं झाकण उघडलं की पदर सावरून जरा सरकून बसे. बरणीत किती जीव गेले असतील, एवढंच ती कधीतरी म्हणे, आणि पुन्हा पापडांच्या गोष्टीवर येई. एवढ्या वर्षांत दोघींचं त्यावरून कधी वाजलं नाही.

सत्त्याऐंशी सालचा मिरचीचा हंगाम तोंडावर आला तेव्हा बरणीचा तळ दिसत होता. आदल्या वैशाखात वना आलाच नव्हता. बाजारात चौकशी केली तर कळलं, तो बायकापोरांसह गुजरातेत ऊस तोडायला गेला तो तिकडेच अडकला. म्हणजे डोंगरातला मध काढणारा माणूस साखर कारखान्याला ऊस पुरवत होता. अक्काने ते ऐकलं आणि उरलेला मध एका लहान बाटलीत काढून देव्हाऱ्यामागे ठेवला. तो फक्त भाजलेल्याला लावण्यासाठी.

बरणी तिने कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवली. आता मध संपला, असं लोकांना सांगायचं तिने अगदी ठरवलं होतं. पण पहिलीच आली ती गल्लीतली लताबाई, डोळ्यांतून पाणी काढत, छाती धरून, आणि ओट्यावर टेकता टेकता म्हणाली की तुझ्या ओट्यापर्यंत आले तेव्हाच निम्मं बरं वाटलं. अशा बाईला नाही कसं म्हणायचं? अक्का आत गेली. ज्ञानचंदच्या दुकानातून आणलेली गुळाची भेली चुलीशी होती. तिने गूळ फोडला, दोन लवंगा टाकून त्याचा दाट पाक केला, पिंपळी कालवली आणि बाहेर येऊन लताबाईच्या तळहातावर ठेवला. लताबाईने चाटला, डोळे मिटले आणि म्हणाली, असा मध या गावात दुसरीकडे मिळायचा नाही. ते मात्र खरंच होतं.

त्यानंतर बरणीत गुळाचा पाकच राहू लागला. पितांबरच्या हे ध्यानात आलं तेव्हा तो जेवता जेवता बायकोकडे बघत राहिला. अक्काने सांगून टाकलं की वना आला की परत सगळं पहिल्यासारखं होईल. पितांबर म्हणाला, "लोके मधले येतस का तुले येतस?" लोक मधासाठी येतात की आपल्यासाठी, हा प्रश्न अक्काला फार आवडला आणि तिने तो हवा तसा समजून घेतला.

अक्कल तिने अगदीच गहाण ठेवली नव्हती. शाळेतले शालिग्राम गुरुजी साखरेच्या आजाराचे. ते खोकत आले तेव्हा यंदाचा मध तुम्हाला उष्ण पडेल म्हणून तिने त्यांना ज्येष्ठमधाच्या काड्या देऊन वाटेला लावलं. बाकी सगळ्यांना मात्र गूळच गेला, आणि गुण आला. एकूण एकाला आला. तो दरवर्षीच येई, कारण खोकला मिरचीचा असे आणि आठ-पंधरा दिवसांत तो ढीग उचलला जाई. हा हिशेब गावात कोणी कधी मांडला नव्हता. अक्कानेही नाही. तिने फक्त एवढाच अर्थ काढला की गुण मधात नव्हताच, आपल्या हातात होता. त्या फाल्गुनात ती जरा मान ताठ करून चालायला लागली.

आणि त्याच फाल्गुनात हीराबाईला खोकला लागला. खाली गोडाऊनमध्ये मिरची, वर तिची खोली. डॉक्टरच्या बाटल्या झाल्या, सुंठ झाली, हळद झाली. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या, अन्न आत ठरेना. ज्ञानचंदने तिला लेकीकडे धरणगावला पाठवायचं ठरवलं, पण प्रवास करण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. एका दुपारी ती रस्ता ओलांडून आली, ओट्यावर न बसता थेट आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"द्रौपदा, तुझ्या बरणीतलं दे," ती म्हणाली. "घरात कोणाला सांगू नकोस."

त्या क्षणी अक्काला बोलता आलं असतं. भाभी, हा गूळच आहे, खुशाल खा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग लताबाईला काय दिलं? अख्ख्या गावाला काय दिलं? ही बाई जन्मभराचा नेम मोडायला माझ्या दारात आली, ती माझ्या मधावरच्या विश्वासाने, आणि तिला मी सांगू की बरणीत तुझ्याच दुकानातली भेली आहे?  अक्काने बोटावर पाक घेतला, हीराबाईच्या तोंडात घातला आणि तिच्याकडे न बघता झाकण लावलं. हीराबाईने तो सावकाश गिळला, पदर सावरला आणि गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. होळी झाली आणि खोकला थांबला.

अक्काला हायसं वाटलं. पाप नाही आणि गुण आला, सगळ्यांचंच भलं झालं, असं तिने स्वतःला समजावलं. ते चैत्रापर्यंत टिकलं. मग हीराबाईने तूप सोडलं. नंतर मीठ सोडलं. मग दिवसाआड उपास सुरू झाले. घरच्यांना वाटलं, वय झालं की धर्माकडे ओढा वाढतो. ओट्यावर बसायची तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. अक्का विचारायची, ती हसून विषय बदलायची. श्रावणात तिने सांगितलं की या पर्युषणात मी अठ्ठाई करणार, म्हणजे आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं. डॉक्टरने हात जोडले होते, म्हणाला या प्रकृतीला हे झेपायचं नाही. ज्ञानचंदही घाबरला होता, पण तपाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर येईना.

"कशाला करता भाभी?" असं अक्काने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खाल्लेलं फेडायला नको का?"

 त्या दिवसापासून अक्काला घास गोड लागेना. आपल्या ताठ मानेपायी एक बाई उपाशी मरणार, तीही गुळासाठी. तिने आडून आडून सगळे उपाय करून पाहिले. औषध म्हणून घेतलेलं पाप धरत नाहीत, असं सांगून पाहिलं. दिलं मी, तर पाप मला लागेल, असंही सांगितलं. हीराबाई म्हणाली, तुला तुझं लागेल, मला माझं. पितांबरने एकच गोष्ट सुचवली, खरं सांगून टाक. सगळ्यात सोपी होती म्हणून ती अक्काने सगळ्यात शेवटी राखून ठेवली.

अठ्ठाईचे निम्मे दिवस झाले आणि हीराबाई जिन्यात चक्कर येऊन बसली. बातमी ओट्यावर पोचली तेव्हा अक्का कोणाच्या तरी तळहातावर पाक ठेवत होती. ती चमचा तिथेच टाकून, हातही न धुता रस्त्यापलीकडे गेली. हीराबाई गादीवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे, डोळे मात्र टवटवीत. सून पाणी उकळायला आत गेल्यावर अक्का तिच्याजवळ खाली बसली.

"भाभी, तो मध नही व्हता," ती म्हणाली. "गूय व्हता. तुम्ही काही पाप करेलच नही. उपास सोडा."

हीराबाईने तिच्या हाताकडे पाहिलं. बोटाला अजून पाक लागलेला होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं किराण्यात काढली मी. आपल्या दुकानातला गूळ मला ओळखू येणार नाही? जिभेला लागला तेव्हाच कळलं."

अक्काला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग हा उपास कशाचा, हे तिने कसंबसं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी आले ती गूळ खायलाच आले, द्रौपदा. पण पहिल्या दिवशी तोंड उघडलं ते मधासाठी उघडलं होतं. मनात मध होता. बरणीत काय होतं त्याने माझं काय बदलतं?"

"मंग तुम्ही बोल्या का नही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहत होते." हीराबाईने डोळे मिटले. "माझं मी फेडते. तुझं तू बघ."

रागाने बोलली असती तर अक्काला सोपं गेलं असतं. ती परत आली ती ओट्याच्या पायरीवर न थांबता आत गेली आणि चुलीसमोर बसून रडली. आपण जिला फसवलं तिने आपली अब्रू सहा महिने पदराखाली झाकून ठेवली होती, आणि आपण मात्र त्या काळात मान ताठ करून हिंडत होतो. त्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पितांबरला सांगितलं, भाभीचं पारणं होईपर्यंत मी पाण्यावर. गावात हे पसरायला वेळ लागला नाही. अक्का अनुष्ठानाला बसली, आता तिच्या मधाला दुप्पट गुण येणार, असं लोक म्हणू लागले, आणि ज्यांना खोकला नव्हता तेही ओट्यावर चौकशीला येऊ लागले.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, हीराबाईने सगळ्यांना हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटलं, कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. अक्कालाही म्हटलं. अक्का तशीच उठून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. वरच्या खोलीत नातेवाईक, धरणगावची लेक, गल्लीतल्या बाया, सगळ्यांची दाटी झाली होती. तपस्विनीला प्रत्येकाने चमचाभर काहीतरी भरवायचं असतं, कोणाच्या वाटीत मुगाचं पाणी होतं, कोणाच्या वाटीत राब, म्हणजे पिठाची पातळ पेज. द्रौपदाबाई स्टीलची वाटी घेऊन दारात आली तशी कुजबुज थांबली. वाटीत दाट, तांबूस, लकाकणारं काहीतरी होतं, आणि द्रौपदाअक्काच्या वाटीत काय असतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. धरणगावची लेक उठून आडवी आली. ज्ञानचंद शेठ अवघडून म्हणाला, अक्का, तुमचा भाव पोचला, पण हे इथे नको.

अक्काला मागे फिरता आलं असतं. कोणी काही म्हटलं नसतं, उलट तिच्या भाबडेपणाचं कौतुकच झालं असतं. तिने हीराबाईकडे पाहिलं. हीराबाई नुसती बघत होती, मदतीला येत नव्हती.

"हाऊ मध नही शे," अक्का म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "हाऊ गूय शे. यंदा मी बठ्ठासले गूयच दिधा. मध सांगीसन दिधा."

 हंगामभर जिने जिने तळहात पुढे केला होता ती प्रत्येकजण तिथेच बसलेली होती. लताबाईने हळूच आपला गळा चाचपला. "मंग मना खोकला कसा काय थांबना?" तिने विचारलं. खोकला तर खरोखरच थांबला होता. ज्ञानचंद शेठने वाटी हातात घेतली, वास घेतला आणि अभावितपणे म्हणाला की गूळ आपल्याच दुकानचा आहे, माल चांगला आहे. मग ती परत अक्काच्या हातात दिली. अक्काने बोटावर पाक घेतला आणि हीराबाईने तोंड उघडलं.

त्यानंतर अक्काचा ओटा ओस पडला. कोणी तोंडावर बोललं नाही, पण नारळ यायचे थांबले, आणि लताबाई समोरून जाताना रस्त्याची दुसरी कड धरू लागली. अक्काला हे सोसवेना, पण तिने तक्रार केली नाही. दुपारी हीराबाई तेवढी येऊन बसे. तिच्या अंगावर हळूहळू मांस धरू लागलं होतं.

दिवाळीनंतरच्या बाजाराला वना आला. ऊसतोडीला पुन्हा जाणार नाही म्हणाला, तिथल्या गोड वासाने डोकं उठतं. डबा भरून मध होता. अक्काने थेंब पाण्यात सोडला, वात पेटवली, कुत्र्याला मात्र या खेपेला बोलावलं नाही. बरणी काठोकाठ भरली आणि तिने गावभर निरोप धाडला की खरा मध आला आहे.

माघात मिरची पसरली, गाव खोकू लागलं, आणि पहिली आली ती लताबाईच. पाच महिन्यांचा रुसवा दोन खोकल्यांत संपला. अक्काने पिंपळी कालवून खरा मध तिच्या तळहातावर ठेवला. तिने चाटला, जिभेवर घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"अक्का, हाऊ नको. मांगना सालना दे."

मग एकामागून एक सगळेच गेल्या सालचा मागू लागले. अक्काला शपथेवर सांगावं लागे की हा सातपुड्याचा आहे, डोळ्यांदेखत पारखलेला आहे. लोक मान डोलवत आणि गूळ मागत. शेवटी चुलीवर पुन्हा पाक चढला, या वेळी उघडपणे, आणि त्याच्यासाठी दुसरी बरणी आली. मधाची बरणी हंगामभर भरलेलीच राहिली. पैकी दोन-चार चमचे काय ते शालिग्राम गुरुजींनी मागून पाहिले, तेही अक्काने दिले नाहीत.

फाल्गुन निम्मा सरला तेव्हा खुद्द अक्कालाच खोकला लागला. सबंध जन्मात तिने स्वतःसाठी बरणी उघडली नव्हती. दोन्ही बरण्यांसमोर ती बराच वेळ उभी राहिली, कशावर विश्वास ठेवावा ते तिला ठरवता येईना. मग तिने झाकणं तशीच राहू दिली, रस्ता ओलांडून दुकानात गेली आणि हीराबाईला म्हणाली, "भाभी, तुम्हीच द्या."

हीराबाईने भेलीचा एक खडा फोडला, पाण्याचा थेंब लावून तळहातावर मळला आणि आपल्या बोटाने तिच्या तोंडात घातला.  दोन-तीन दिवसांत गुण आला. तोवर मिरचीचे ढीगही उचलले गेले होते.